रूपलीबाईचा लाहा

नवीन शिक्षक रुजू झाला की त्याला मोहटेंबीला नेऊन सोडायचं काम माझं. केंद्रप्रमुख म्हणून माझ्या गळ्यात पडलेल्या कामांपैकी हे मला सगळ्यात नकोसं. अक्कलकुव्याहून घाट चढून मोलगी, पुढे जीप नेईल तिथपर्यंत, मग उतार पायी, मग बार्ज, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं असलं की शेवटी गुडघाभर गाळ. या वाटेत नव्या माणसाला गावाचा इतिहास, समाज, चालीरीती असं सगळं सांगायचं असतं. वरून तसा आदेश आहे. 'पार्श्वभूमी' म्हणतात त्याला. मी ती इतक्या जणांना सांगितली आहे की आता बोलताना माझं मलाच ऐकू येत नाही. आणि एवढं सांगून काय, तर दुसऱ्या पावसाळ्याच्या आत बदलीचा अर्ज. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा मयूरी मॅडम आल्या. लातूरकडच्या, पहिलीच नोकरी. मे संपत आला होता, ऊन असं की बार्जच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. त्या पुढच्या बाजूला चपला हातात घेऊन बसल्या आणि मी पार्श्वभूमी सुरू केली.

समोर दिसतो तो टापू आधी टापू नव्हता, डोंगराचा खांदा होता. गाव खाली नदीकाठी होतं. शेतं तिथेच, मोहाची झाडं तिथेच, देवही तिथेच. धरणाचं पाणी चढत गेलं तसं गाव वर सरकत गेलं. काही घरं दुसरीकडे जमिनी घेऊन वसाहतीत गेली, काही जाऊन परत आली, काही हललीच नाहीत. शेवटी पाणी चारी अंगांनी आलं आणि दळण आणायलासुद्धा होडी लागायला लागली. लोक घरात भिली बोलतात, मराठी फक्त शाळेत नि ऑफिसात. तुम्हाला लहानथोर सगळे 'तू' म्हणतील, राग धरू नका, त्यांच्या बोलीत कलेक्टरही तूच असतो. होळीला पोरं काठी गावाला नाचायला जातात, कुणी व्रत धरलेलं असतं, तेव्हा आठवडाभर वर्ग रिकामा राहिला तर गैरहजेरीवरून भांडू नका. पावसाळ्यात हिरव्याची पूजा झाल्याशिवाय कुणी पाला तोडत नाही, म्हणून शाळा सजवायला डहाळ्या मागवू नका. एका गुरुजींनी मागवल्या होत्या, त्यांच्याकडे नंतर बरेच दिवस कुणी फिरकलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर मी नेहमीचं शेवटचं वाक्य बोललो. लोक चांगले आहेत, पण शाळेबद्दल अनास्था आहे.

काठाला बार्ज लागला तेव्हा रूपलीबाई गाळात उभी होती. ती नेहमीच तिथे असते. रूपलीबाई वसावे, शाळेत खिचडी शिजवते. शाळा इथे सुरू झाली तेव्हापासून चूल तिच्याकडे आहे. वय विचारलं तर हसते, पण पन्नाशी कधीच ओलांडली असणार. आल्या मास्तराला हाताला धरून गाळातून बाहेर काढायचं, त्याची पेटी डोक्यावर घ्यायची, आणि तो जाईल तेव्हा तीच पेटी परत बार्जमध्ये ठेवायची, हे काम तिला कुणी सांगितलेलं नाही. मला मात्र सांगितलेलं आहे, म्हणून मी जास्त कुरकुरतो.

तिची मराठी ऐकून मयूरी मॅडम पहिल्यांदा हसल्या. हसण्यासारखीच आहे. एक गुरुजी विदर्भातले होते, त्यांच्याकडून तिने 'मले' आणि 'काहून' घेतलं. एक कोल्हापूरचे, त्यांच्याकडून 'लई' आणि 'व्हय'. माझ्याकडून काही अहिराणी शब्द, तेही बहुतेक चिडलेले. सगळे मास्तर गेले, त्यांची बोली तिच्या तोंडात राहिली. गोधडीला जुनी लुगडी लावावीत तशी ती मराठी आहे, उबेला चालते.

"लई बारीक हाय ही," मॅडमकडे पाहून ती मला म्हणाली. "किती दिस राहीन?"

मी म्हटलं, ते आता तुझ्या हातात नाही आणि माझ्याही नाही. मग जे सांगायचं मी वाटभर टाळत आलो होतो ते तिथेच गाळात उभ्या उभ्या सांगून टाकलं. एप्रिलच्या वादळात शाळेचे पत्रे उडून पाण्यात गेले होते. दुरुस्तीचा अर्ज मी पाठवला होता, तो अजून कुठल्या तरी टेबलावर पडून होता. आता वरून निरोप होता की शाळा उघडायच्या दिवशी डोक्यावर छप्पर नसेल तर मोहटेंबीच्या पोरांचं समायोजन करा. समायोजन हा आमचा शब्द. त्याचा अर्थ, पोरं उचला आणि काठावरच्या निवासी शाळेत टाका.

रूपलीबाई चालता चालता थांबली. डोक्यावर पेटी तशीच. "रोशनी पण?" तिने विचारलं.

रोशनी तिची नात, यंदा पहिलीत जाणार होती. मी मान हलवली. तिच्या त्या प्रश्नामागे काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण रोशनीच्या आईला निवासी शाळेत दाखल केलं तेव्हा मी याच भागात शिक्षक होतो. टापूवर तेव्हा शाळा नव्हती. सहा वर्षांची पोरगी जीपमध्ये बसली. दिवाळीला घरी आली ती केस बारीक कापलेली, शहाणी, अंगाला साबणाचा वास येणारी. चुलीपाशी आईशेजारी बसली आणि दोघींना बोलायला काही सापडेना. पोरीला घरची बोली बोलायची लाज वाटायला लागली होती, आणि आईला दुसरी येत नव्हती. पुढे प्रत्येक सुट्टीत ती थोडी थोडी परकी होऊन आली. आता रोशनीला आईकडे ठेवून गुजरातेत कामाला असते, नवराही तिकडेच, वर्षातून एकदा येते आणि पाहुणीसारखी राहते. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, शिकवलंही. तरी रूपलीबाईची लेक गेली ती गेलीच. त्यानंतर टापूवर शाळा आली, आणि रूपलीबाई मराठी शिकली. पण उशीर झाला होता. ही गोष्ट पार्श्वभूमीत बसत नाही, म्हणून मी कुणाला सांगत नाही. मला ती सांगवतही नाही.

वर पोचलो. शाळा म्हणजे सागाचे खांब, कुडाच्या तीन भिंती आणि वर आकाश. आत शेळ्यांच्या लेंड्या. फळ्यावर ऊन पडलेलं. पलीकडे चिंचेखाली गावचे कारभारी जालमसिंग आणि चार-पाच गडी बाजेवर बसून होते. त्यांच्या मागे दोन घरं उभी होती, कालपरवा बांधल्यासारखी, नवीन कूड, नवीन कौलं. त्याच वादळात ती घरंही पडली होती. ते पाहून माझं डोकं फिरलं. घरं उभी राहिली आणि शाळा तशीच. मी तिथल्या तिथे लोकसहभागावर भाषण ठोकलं. पोरं तुमची आहेत, आमची नाहीत वगैरे. जालमसिंगने शांतपणे ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. वर्षानुवर्षं तो हेच करत आला आहे.

मयूरी मॅडमना माझ्या भाषणात रस नव्हता. त्या नव्या घरांकडे पाहत होत्या. त्यांनी रूपलीबाईला साधा प्रश्न विचारला, ही घरं कुणी बांधली. रूपलीबाई म्हणाली, लाहा केला.

लाहा मला माहीत होता, सातपुड्यात नोकरी केलेल्या कुणालाही माहीत असतो. ज्याचं काम अडलं तो लोकांना हाक घालतो, सगळे येऊन दिवसात काम उरकतात, आणि ज्याने हाक घातली तो सगळ्यांना जेवू घालतो. मजुरी नसते. मी पार्श्वभूमीत हे 'परस्पर सहकार्याची उदात्त परंपरा' म्हणून सांगायचो.

"मग शाळेचा लाहा का नाही केला?" मॅडमनी विचारलं.

जालमसिंगने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. शेवटी म्हणाला, "शाळावाल्याने बोलावलं नाही."

इतक्या वर्षांत छपरासाठी, भिंतीसाठी, दारासाठी आम्ही किती अर्ज केले असतील. गावाला वाटत राहिलं की या मास्तरांना आपले हात नकोत, आपल्या ताटात जेवायला नको, त्यांचं सगळं वरून येतं. आणि न बोलावता लाह्याला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर जाऊन ताट मागणं, ते कोण करणार. ते बोलावण्याची वाट पाहत राहिले, आम्ही त्यांच्या अनास्थेवर अहवाल लिहीत राहिलो.

मॅडम म्हणाल्या, मग मी बोलावते. बकरा काय असेल तो मी घेते. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. पण जालमसिंगने मान हलवली. नाराजीने नाही, दमल्यासारखी. तो म्हणाला ते थोडक्यात असं. लाहा फेडावा लागतो. आज मी तुझ्याकडे आलो, उद्या माझ्या निंदणीला तू यायचं. तू वर्षाने जाशील. मग आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं? जाणाऱ्याने लाहा बोलवायचा नसतो.

मॅडमचा चेहरा पडला. त्या राहणार आहेत असं त्या म्हणाल्या नाहीत, हे मला आवडलं. माझ्या देखत ते पुष्कळांनी म्हटलं होतं. शाळा उघडायला अवकाश होता, म्हणून मॅडमची पेटी रूपलीबाईकडे ठेवून आम्ही परत निघालो तेव्हा ती बार्जपर्यंत आली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

पंधरा दिवस गेले नसतील, बार्जवाल्याकडून निरोप आला. रविवारी लाहा आहे, मास्तर तू पण ये. निरोप रूपलीबाईचा. म्हसावदला घरी मी सुट्टीच्या दिवशी पिशवी भरताना पाहून बायको म्हणाली, "तुमले आते तठेच ऱ्हावानं शे का?" गुडघे दुखत होते, तिचं खरंही होतं. तरी गेलो. मॅडम आदल्या दिवशीच पोचल्या होत्या.

टापूवर पोचलो तर चिंचेखाली दोन बोकड बांधलेले. ते बोकड कशासाठी ठेवले होते ते मला ठाऊक होतं. रूपलीबाईचा नवरा नुरजी मागच्या पावसाळ्यात गेला. ताप होता, वारा होता, दोन दिवस बार्ज निघाला नाही. त्याच्या नावाचं जेवण अजून घालायचं होतं. ते घातल्याशिवाय माणूस नीट जात नाही, घराच्या आसपासच राहतो, अशी तिची समजूत. म्हणून रोज जेवायच्या आधी ती कोपऱ्यात त्याच्यासाठी घास काढून ठेवायची. वर्षभर त्या दोन बोकडांना तिने बाजार दाखवला नव्हता. शेजारच्या पाड्याचा माणूस दोनदा मागायला आला, दोनदा परत गेला.

पलीकडच्या डोंगरावरून होड्या भरून माणसं आली. काम सुरू व्हायच्या आधी विचारायची रीत आहे, घर कुणाचं. जालमसिंगने खांबाला हात लावून मोठ्याने विचारलं. सगळे तिच्याकडे बघत होते. बोलणं भिलीत झालं, निम्मं मला कळलं, निम्मं मॅडमनी नंतर तिच्याकडून समजून घेऊन सांगितलं.

ती म्हणाली, "नुरजीचं."

गलका झाला. म्हातारे पुढे आले. मेलेल्याच्या जेवणाला कुणी काम करत नसतं, लोक बसून जेवतात, रडतात, त्याची आठवण काढतात. आणि लाह्याचं जेवण कामाचं असतं. एकाच जेवणात दोन कामं कशी होतील? हे दोन्हीचंही नुकसान आहे. एक म्हातारा तर होडीकडे चालायला लागला. जालमसिंग तिला समजावू लागला, नुरजीचं आधी होऊ दे, शाळेचं पाहू पुढच्या साली.

"पुढच्या साली रोशनी नसेल," ती म्हणाली. मग म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाली, "नुरजी कधी बसून जेवला का? पाणी चढलं तेव्हा हे खांब खालून त्यानेच ओढत आणले. तुम्ही सगळे बसलात तर त्याला तिथे करमायचं नाही. काम करा, मग जेवा. त्याला पोचलं तर पोचलं. नाही पोचलं तर माझ्या माथी."

तिचा आवाज चढला नव्हता. शेवटच्या शब्दांना तो फाटला, एवढंच. मला फार वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला, कारण मी तिथे पाहुण्यासारखा पिशवी धरून उभा होतो. मग जालमसिंगने डोक्याचं फडकं काढून कमरेला बांधलं आणि कुऱ्हाड उचलली. होडीकडे गेलेला म्हातारा परत आला, म्हणाला, मी काम करणार नाही, पण बसून रडतो. कुणी तरी रडलं पाहिजे. तो खरंच सबंध दिवस खांबाजवळ बसून नुरजीची गाणी म्हणत राहिला आणि मधूनमधून बांबू कुठे वाकडा बसला तेही सांगत राहिला.

दिवस मावळायच्या आत वासे चढले, बांबू बांधले गेले, घराघरातून निघालेली जुनी कौलं वर गेली. मयूरी मॅडमच्या हातांना फोड आले. मी कौलं हातोहात देणाऱ्या रांगेत होतो आणि माझी कंबर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सरळ झाली नाही. जेवणं झाली. रूपलीबाईने सगळ्यांना वाढलं आणि शेवटी उभ्यानेच रस्सा प्यायली.

शाळा वेळेवर उघडली. समायोजनाचा कागद मागे पडला. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण तसं होत नाही.

जुलैच्या अखेरीस भेटीला गेलो. पाऊस धरलेला, पाणी वर आलेलं, गाळ बुडालेला. काठावर रूपलीबाई नव्हती. असं पहिल्यांदाच झालं. वर शाळेत मॅडम चुलीपाशी धुराने डोळे पुसत खिचडी ढवळत होत्या आणि तिकडे मान वळवून पोरांकडून पाढे म्हणून घेत होत्या. मी विचारलं, बाई कुठे. म्हणाल्या, लाहा फेडायला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. होड्या भरभरून माणसं आली होती. त्या प्रत्येक घरी आता तिला जायचं होतं. कुणाची निंदणी, कुणाची लावणी, कुणाचं कुंपण. नवरा असता तर वाटून घेतलं असतं. ती एकटी, सकाळी पोरांचं तांदूळ-डाळ काढून देते आणि जी होडी मिळेल तिने निघते. मॅडम रविवारी तिच्याबरोबर जातात. एकदा त्यांनी मला रजेचा अर्जही पाठवला होता, कारण 'सामाजिक काम'. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, आल्याबरोबर रजा, ये रे माझ्या मागल्या. आता काय बोलणार.

रूपलीबाई दिवस कलताना आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल, हाताला ओल लागून कातडी पांढरी पडलेली. उंबऱ्यात बसली आणि पायांवरचा चिखल काडीने खरवडू लागली. मी विचारलं, अजून किती घरं राहिली. तिने हात हवेत हलवला.

"मरेपर्यंत पुरतील," ती म्हणाली. "काहून विचारतो? तू येते का?"

मी हसलो, ती हसली नाही. मग मी ते विचारलं जे खरं विचारायचं होतं. नुरजीचं झालं का? म्हातारे काय म्हणतात? ती म्हणाली, म्हाताऱ्यांचं ठरत नाही. निम्मे म्हणतात पोचलं, निम्मे म्हणतात परत घाल. तिला स्वतःला काय वाटतं ते तिने सांगितलं नाही. उठली, मॅडमनी तिच्यासाठी झाकून ठेवलेली खिचडी घेतली, पळसाच्या वाळक्या पानावर त्यातला एक घास काढला आणि शाळेच्या आत गेली. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे पोरं बसत नाहीत, तिथे तो ठेवून बाहेर आली आणि मग जेवायला बसली. एवढी दमली होती की घास तोंडात धरूनच तिचे डोळे मिटत होते.

रोशनी पाटी घेऊन माझ्या शेजारी उभी होती. तिला इथली बोलीही येते आणि माझीही समजते. मी हळूच विचारलं, त्या कोपऱ्यात कोण बसतं.

"आजा," ती म्हणाली. "पहिलीत आहे."